सूर्य वगळून नमस्कार

मी एकदा सूर्यनमस्कारातून सूर्य काढून टाकला होता. मग एकटा नमस्कार बरा दिसेना, म्हणून तोही काढला. जे उरलं त्याला मी नाव दिलं ‘बारा हालचाली’. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत असताना, सकाळी सात वाजता, माझ्या योगवर्गातल्या वीस-बावीस बायकांसमोर जाहीर केलं आणि वर म्हटलं, "यात देवाधर्माचं काही नाही. निव्वळ व्यायाम आहे." मग टाळ्या पडणार असल्यासारखी सगळ्यांकडे पाहत उभी राहिले.

टाळ्या पडल्या नाहीत. एकीने विचारलं, "म्हणजे आज लवकर सोडणार का?"

त्या पराक्रमाचा पुरावा अजून माझ्याकडे आहे. डोंबिवलीच्या घरात माझ्या खोलीत आसनांचा एक जुना तक्ता लावलाय. त्यावरची नावं जागोजागी फाटलेली आहेत. नात परवा म्हणाली, "आजी, हा उंदराने खाल्ला का गं?" म्हटलं, "नाही बाळा, तुझ्या आजीने." म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि आम्ही कळव्याला राहायचो. मुलं आपापल्या मार्गाला लागली होती. मी वर्षभराचा योगशिक्षिकेचा अभ्यासक्रम केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलं होतं. पाहुणा कुठेही बसला तरी ते दिसेल, अशी जागा मी खुर्च्या बदलून बदलून तपासली होती. प्रमाणपत्राबरोबर मला एक आवाजही मिळाला होता. संथ, खोल, शब्दाशब्दात अंतर ठेवणारा. तो वर्गापुरता ठेवायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना मी ह्यांना म्हणायचे, "अहो… सावकाश… ती चटणी… इकडे सरकवा." हे म्हणायचे, "सरकवतो, पण श्वास घेऊन की सोडून?"

वर्ग ठाण्यात भरायचा, टेंभी नाक्यापासून जवळच एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. मी खाडी ओलांडून रिक्षाने जायचे. भिंतीवर तो तक्ता, समोर सतरंज्या, एका बाजूला गज असलेली मोठी खिडकी. सुरुवातीला तीन ओंकार, शेवटी शवासन आणि शांतिमंत्र. मध्ये कधीतरी मी तत्त्वज्ञान सांगायचे. यम, नियम वगैरे. पाच नियमांतला शेवटचा ईश्वरप्रणिधान, म्हणजे आपलं सगळं ईश्वरावर सोपवून देणं. परीक्षेत मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. वर्गात मात्र त्याचा अर्थ ‘सकारात्मक राहा’ असा सांगून मोकळी व्हायचे. तेवढंच मला कळलं होतं.

नाताळ नुकताच होऊन गेला होता, तेव्हा आंटी आल्या. पासष्टीच्या असतील. फुलाफुलांचा फ्रॉक, त्याखाली मुलीने जबरदस्तीने घालायला लावलेली ट्रॅकपॅन्ट, गळ्यात सोन्याचा क्रूस. दारातच थांबून त्या धापा टाकत होत्या. मी माझ्या त्या आवाजात विचारलं, "या… कुठून आलात?"

"कुठून म्हंजे? हितलीच मी. आल्यात त्या तुमी सगळ्या."

खरंच होतं. त्यांच्या घरच्यांची इथे पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होती, कुणी मिठागरात राबलेले. आम्ही कुणी साताऱ्याहून, कुणी रत्नागिरीहून येऊन त्यांच्या शेतांवरच्या इमारतींत श्वास घ्यायला शिकत होतो. त्यांची बोली मी इथे जमेल तशी लिहिते. चुकली तर दोष माझ्या पुस्तकी कानांचा.

मी म्हटलं, "काय त्रास आहे तुम्हाला?"

"मना गुडघ्यावर बसायचंय. बाकी काय नको."

मग त्यांनी उभ्या-उभ्याच सांगितलं. त्यांच्यात गुड फ्रायडेला, म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं त्या दिवशी, देवळात क्रूस आणतात. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या. सगळे एकेक करून पुढे जातात, गुडघे टेकतात आणि त्यावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घेतात. आदल्या वर्षी आंटींना गुडघे टेकताच आले नाहीत. लोकांनी खुर्ची दिली. खुर्चीतून पायांपर्यंत तोंड पोचेना, म्हणून फादरनी क्रूस उचलून त्यांच्या ओठांशी आणला.

"चांगला हाय आमचा फादर. पन बाय, मना लाज वाटली. येशू माज्यासाठी सर्गातून एवढा खाली उतरला, नि मी त्याला सांगू काय, अजून जरा वर ये? मी गुडघाभर खाली जाऊ नये?"

त्यांचे डोळे भरले होते. मला दिसलं ते. पण मला जास्त दिसला तो गळ्यातला क्रूस.

त्या दिवशी ओंकाराच्या वेळी आंटी गप्प बसल्या. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. शवासनात मी बायकांच्या मधून फिरत होते, तेव्हा पाहिलं की आंटींचा उजवा हात थरथरतोय. अंगठा बोटांच्या पेरांवरून सारखा सरकतोय. कंप! मी मनात नोंद केली आणि वर्ग सुटल्यावर त्यांना एक चेंडू दाबायला दिला. "रोज पन्नास वेळा," म्हटलं. आंटींनी चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो फ्रॉकच्या खिशात टाकला.

घरी येताना रिक्षात माझं डोकं चालायला लागलं. ते चाललं की ह्यांना काळजी वाटायची. एका अल्पसंख्य भगिनीची माझ्या वर्गात केवढी कुचंबणा झाली असेल! बिचारी ओंकाराला गप्प बसली. उद्या नणंदा-भावजया तिला बोल लावतील. (त्यांना एक नणंद होती आणि ती बोल लावत होती, हे मला नंतर कळलं. तेवढा अंदाज बरोबर निघाला.) मी उदार आहे, मी आधुनिक आहे, मीच काहीतरी केलं पाहिजे. आंटींना विचारावं, एवढं साधं मात्र सुचलं नाही. विचारायचं काय? मला कळत होतं ना!

दुसऱ्या आठवड्यात मी वर्ग धुऊन-पुसून कोरडा केला. ओंकार बंद. शांतिमंत्र बंद. तक्त्यावरच्या नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर आकडे टाकले. भुजंगासन चार नंबर, मार्जारासन नऊ नंबर. सूर्याचं काय केलं ते सांगितलंच. ओंकार गेल्यामुळे जी शांतता उरली ती मला सोसेना, म्हणून तिथे मी गुडघ्याच्या सांध्यातल्या वंगणावर बोलायला लागले. रोज. शवासनातसुद्धा.

बायका वैतागल्या. "सात नंबर म्हणजे ते मांजराचं ना हो?" "नाही, मांजराचं नऊ. सात ते वारा सोडायचं." "आकडा कशाला लागतो त्याला, आवाजावरून कळतंच की." सगळा हॉल हसायचा. मी खोल आवाजात म्हणायचे, "शांत… व्हा…" आणि पुन्हा वंगणावर यायचे.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "छान. आता शवासनातलं शव तेवढं काढ. म्हणजे नुसती झोप उरेल, तीच तर हवी असते सगळ्यांना."

आंटी आणखी काही दिवस आल्या. कोपऱ्यात बसायच्या, माझं वंगणपुराण ऐकायच्या. मग त्यांचा उपवासाचा काळ सुरू झाला, ईस्टरच्या आधी चाळीस दिवस असतो तो, आणि त्या यायच्या बंद झाल्या. एक दिवस, दोन दिवस, आठवडा.

माझा निष्कर्ष तयारच होता. फादरनी बंदी घातली असणार. मी एवढा त्याग केला, सूर्यसुद्धा सोडला, आणि तरी यांचं समाधान नाही! मनातल्या मनात मी एक भाषण तयार केलं, त्यात ‘परस्परसामंजस्य’ हा शब्द तीनदा होता, आणि ते घेऊन आंटींच्या घरी गेले.

वर्गापासून जवळच त्यांची गल्ली. तोंडाशी एक दगडी क्रूस, त्याला झेंडूची माळ. ती माळ पाहून मी जरा चपापले. आपल्याकडची फुलं इथे कशी, असं काहीतरी मूर्खासारखं मनात आलं. आंटी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. शेजारी बाकावर त्यांची नणंद, हातात जपमाळ. माझ्याकडे बघून तिने माळ जरा घट्ट धरली, जणू मी ती हिसकावून घेणार होते.

मी भाषण सुरू केलं. "आंटी, तुमच्या भावना मी समजू शकते. फादर नको म्हणाले असतील तर—"

"फादर कशाला नको म्हनंल? तो म्हनला, जा. डोळे मिटून तू कुनाला हाक मारतेस ते तुना ठावं हाय ना, मंग जा, म्हनला."

"मग नणंदबाई?"

नणंद म्हणाली, "मी म्हनलेच नको जाऊ. माजं ऐकतंय कोन?"

"मग का येत नाही?"

आंटींनी सूप खाली ठेवलं. "तूच हाकललंस मना."

मी उडालेच. "मी? अहो, तुमच्यासाठी तर मी सगळं बंद केलं! ओंकार, मंत्र, नावं…"

"मी सांगितलेलं काय?"

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"पयल्या दिवशी तुमी सगळ्या डोळे मिटून बसला. तुमचं तुमी म्हनत होता. मी माजं मनात म्हनत होते. बरं वाटलं मना. देवळाभायेर एवढ्या बाया कुनाकुनाचं नाव घेऊन गप बसल्यात, असं मी बगितलं नव्हतं. मंग तू देवाला उचललंस नि भायेर चपलांपाशी नेऊन ठेवलंस. आता तुमचाच देव चपलांपाशी, तर माज्या देवानं कुठं बसायचं गो? नि आडवं पडून रोजारी सुरू केली, की तू वंगन वंगन करतेस. दहा मनी पन पुरे होत नाय."

"रोजारी? शवासनात?"

आंटींनी उजवा हात वर केला आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवून दाखवला. एक पेर, एक प्रार्थना. रोजारी म्हणजे त्यांची जपमाळ; ती मुठीत धरली तर बायका बघत बसतील, म्हणून त्या बोटांवर मोजत होत्या. मी ज्याला कंप म्हटलं तो हा.

"तुजा बॉल कुत्र्याला दिला मी," त्या म्हणाल्या. "लय आवडला त्याला."

नणंद तोंडावर माळ धरून हसली. मग मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. भाषण पर्समध्येच राहिलं. पण सवय जाते कुठे! निघता निघता मी पुन्हा शहाणपणा केलाच. म्हटलं, "शेवटी काय आंटी, तुमचा देव काय, आमचा काय, सगळं एकच, नाही का?"

"एक कशाला? तुजा नवरा नि माजा नवरा एक होता काय?"

नणंदेने पहिल्यांदा माझ्याकडे दयेने पाहिलं.

"बग," आंटी जरा मऊ होऊन म्हणाल्या, "तुमचं मना आवडतं. पन तुमी वर चढता. एकेक पायरी, श्वास धरून, मन धरून. तू सांगतेस ना, आठ अंगं का काय ती. आमचा तो सोताच खाली उतरतो. मना तर चढताच येत नाय, गुडघे गेले. म्हनून तो उतरतो तेच बरं. हे एक नाय. एक नसलं तर बसता येत नाय काय शेजारी?"

मी रिक्षात बसले आणि कळव्यापर्यंत कशावरही डोकं चालवलं नाही. दीड पान लिहून मार्क मिळवलेला तो पाचवा नियम आंटी जमिनीवर आडव्या पडून, बोटांच्या पेरांवर पाळत होत्या, आणि शिक्षिका त्यांना वंगण शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढायला घेतल्या. डिंक मी भरपूर लावला होता, अंगात जोर होता तेव्हा. पट्टीबरोबर खालची अक्षरंही निघून आली. भुजंगाचा नुसता ‘जंग’ उरला. पण ओंकार परत आला आणि बायकांनी तो इतक्या जोरात म्हटला की वॉचमन डोकावून गेला. आंटी आल्या, ओंकाराला पूर्वीसारख्याच गप्प बसल्या. सूर्यनमस्काराच्या वेळी खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, "सूर्याला ज्यानं केला त्याला मी सकाळीच नमस्कार करून आलेय." मी म्हटलं, "ठीक आहे." एवढे दोन शब्द शिकायला मला केवढी यातायात करावी लागली!

मग आम्ही गुडघ्यांच्या मागे लागलो. वज्रासन. आधी नुसती पावलं ताणायची, मग खिडकीचे गज धरून खाली यायचं, गुडघ्यांखाली जाड घडी, बुडाखाली तीन उशा. दोन आठवड्यांनी दोन उशा. आंटी शिव्या घालायच्या, "भातलावनीत जलम वाकले मी, नि तू मना वाकायला शिकवतेस!" दुखलं की श्वास धरून ठेवायच्या. सगळ्याच धरतात. मी सारखी म्हणायचे, "श्वास सोडा आंटी, सोडा, मग गुडघा जाईल खाली." त्यांनी त्यालाही आपली रीत लावली. अर्धी प्रार्थना श्वास घेताना, अर्धी सोडताना. मी त्यांच्या शेजारी बसून पाहायचे. त्यांचा चेहरा निवत जायचा. माझं वज्रासन बिनउशीचं, पाठ अगदी सरळ, आणि मनात मात्र आज भाजी कुठली करावी.

गुड फ्रायडे जवळ आला तेव्हा एक उशी उरली होती. आंटी म्हणाल्या, "बगायला ये."

मी गेले. कशी गेले ते सांगायलाच हवं. मंगल प्रसंगी बोलावल्यासारखी पिवळीधमक रेशमी साडी नेसून, गजरा माळून. देवळात पाऊल टाकलं आणि पाहिलं, सगळे पांढऱ्यात, काळ्यात, फिकटात. घंटा नाही, फुलं नाहीत, वेदी उघडी. मृत्यूचा दिवस, आणि मी हळदीला आल्यासारखी. गजरा काढून पर्समध्ये कोंबला आणि मागच्या खांबाआड उभी राहिले. तरी निम्मी साडी दिसतच होती.

येशूच्या शेवटच्या दिवसाची हकिकत मराठीत वाचली गेली. त्याने प्राण सोडला तिथे वाचणारा थांबला आणि सगळं देऊळ गुडघ्यांवर गेलं. एवढी माणसं, पण काही आवाज नाही. आंटी तेवढ्या बाकावर मान खाली घालून बसून राहिल्या. मला कळलं. एकदाच जमणार होतं, ते त्या राखून ठेवत होत्या.

मग क्रूस आला आणि रांग लागली. आंटींची पाळी आली तशी फादरनी कुणालातरी खुर्चीची खूण केली. आंटींनी हात हलवून नको म्हटलं. फ्रॉक सावरला. उजवा पाय मागे नेला. गुडघा अर्ध्यावर आला आणि थांबला. मला पाठीवरूनच कळलं. खांदे वर चढलेले, मान ताठ. श्वास धरला होता त्यांनी. धरायला गज नव्हता, खाली उशी नव्हती, आणि त्या ना खाली जात होत्या ना वर येत होत्या. मागची रांग थांबली. फादर क्रूस उचलायला वाकले.

"श्वास सोडा!"

त्या शांततेत हे कोण ओरडलं म्हणून मीसुद्धा वळून पाहणार होते. तेवढ्यात लक्षात आलं की सगळं देऊळ माझ्याकडे पाहतंय. माझा वर्गातला आवाज होता तो. फक्त संथ नव्हता.

आंटींचे खांदे खाली आले. मग उजवा गुडघा. मग डावा. त्यांनी दोन्ही हात फरशीवर टेकले, वाकल्या आणि त्या पायांवर ओठ ठेवले. बाकीच्यांना लागला त्यापेक्षा खूप जास्त वेळ त्या तिथे राहिल्या. कुणी घाई केली नाही.

उठायचं आम्ही कधी शिकलोच नव्हतो. वर्गात त्या खिडकीचे गज धरून उठायच्या, तेव्हा मला ते कधी सुचलं नाही. आंटींनी मान वळवून मागे पाहिलं, आणि मी पिवळी साडी सांभाळत मधल्या वाटेने धावले. दुसऱ्या बाजूने नणंद आली. दोघींनी एकेक काखेत हात घातला. नणंदेने मला डोळ्यांनीच विचारलं, आता? मी पुटपुटले, "श्वास घेताना वर." तिघींनी मिळून श्वास घेतला.

बाहेर आलो. उन्हात पायरीवर आंटी टेकल्या. गुडघ्यांवरची धूळ त्यांनी झटकली नाही. मी माफी मागत होते, एवढ्या पवित्र वेळी मी ओरडले, लोक काय म्हणतील, फादर काय म्हणतील. आंटींनी माझा हात ओढून मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या:

"पयल्यांदा मना वाटलं तोच बोलला. मंग म्हटलं, नाय, त्याचा आवाज एवढा किरकिरा नसल. पन बाय, त्यानं पन आज तेच केलं ना? श्वास सोडला. म्हनून मी पन सोडला."